जाहिरात थांबली तरी आंबा थांबत नाही : थेट विक्री करणाऱ्या बागायतदारांना खुले पत्र

प्रिय बागायतदार मंडळी,

देवगड, राजापूर, रत्नागिरी, वेंगुर्ले, जिथून जिथून तुम्ही दलालाला वगळून थेट गिऱ्हाइकाच्या घरी पेटी पाठवता, तिथल्या तुम्हा सगळ्यांना हे पत्र. माझे वडील बागायतदार आहेत. मी पुण्यात राहते आणि गूगल सर्चवरच्या जाहिराती लावणं, सांभाळणं हे माझं रोजचं काम आहे. मार्च उजाडला की गावाकडचे फोन सुरू होतात आणि बहुतेक फोनांची सुरुवात एकच असते : "गो बाय, पैसे भरले, पण जाहिरात दिसणा नाय."

हा फोन मला नेहमी उशिरा येतो. जाहिरात बंद पडून आठवडा झालेला असतो, त्या आठवड्यात घरातल्या प्रत्येकाने खात्यात काही ना काही बदलून पाहिलेलं असतं, आणि मूळ बिघाड त्या बदलांखाली गाडला गेलेला असतो. कपडे किंवा भांडी विकणाऱ्याची जाहिरात आठवडाभर बंद राहिली तर माल कपाटात राहतो. आपला आंबा आढीत असतो. तो पिकतो, मऊ पडतो आणि मग किलोच्या भावाने कॅनिंगला जातो. म्हणून हे पत्र हंगामाच्या आधी लिहिते आहे.

गेल्या वर्षीची एक गोष्ट सांगते. ओळखीतले एक काका, तीनशे कलमांची बाग. अक्षय्य तृतीया बारा दिवसांवर आली आणि त्यांच्या जाहिराती थांबल्या. काकांनी आधी बोली, म्हणजे एका क्लिकसाठी द्यायची रक्कम, वाढवली. मग रोजचं बजेट दुप्पट केलं. मग जुनी जाहिरात काढून टाकून नवी लिहिली. शेवटी मुलाच्या फोनवरून नवीन खातं उघडलं. माझ्यापर्यंत आले तेव्हा नऊ दिवस गेले होते. बिघाड एवढाच होता की त्यांच्या वेबसाइटच्या सुरक्षा प्रमाणपत्राची, म्हणजे एसएसएलची, मुदत संपली होती. गूगलची यंत्रणा साइटवर जाऊन बघते, तिला पान नीट उघडेना, म्हणून तिने जाहिरात नामंजूर केली. खात्यात जाहिरातीसमोर कारण लिहिलेलं होतं, पण काकांना ते कुणी दाखवलंच नव्हतं. खातं साइट बनवणाऱ्या मुलाच्या ईमेलवर होतं, सूचना त्यालाच जात होत्या आणि तो मुलगा फोन उचलत नव्हता. काका मोबाइलवरून बदल करत होते, पण बघत होते ते फक्त खर्चाचा आकडा दाखवणारं पान.

त्या नऊ दिवसांत काकांनी केलेल्या एकाही बदलाचा त्या प्रमाणपत्राशी संबंध नव्हता. मला सगळ्यात जास्त कळकळीने सांगायचं आहे ते हेच. जाहिरात न दिसणं हे दुखणं नव्हे, लक्षण आहे. ताप आला म्हणून कुणी घरातली सगळी औषधं एकेक घोट घेत नाही.

पहिली विनंती. स्वतःच्या फोनवर 'देवगड हापूस' टाइप करून आपली जाहिरात दिसते का ते बघत बसू नका. तुम्ही बसलात देवगडला आणि जाहिरात लावली आहे पुणे-मुंबईसाठी, तर ती तुम्हाला दिसायचीच नाही. समजा दिसली, आणि तुम्ही दिवसातून वीस वेळा ती नुसती पाहिलीत, तर यंत्रणेच्या लेखी ती वीस वेळा दाखवली गेली आणि एकदाही कुणी दाबली नाही. दाबलीत तर पैसे तुमचेच जाणार. यासाठी खात्यातच एक सोय आहे, 'ॲड प्रीव्ह्यू अँड डायग्नोसिस' नावाची. तिथे शब्द टाका, जागा पुणे निवडा, फोन की संगणक ते निवडा. जाहिरात दिसते का ते कळतं, दिसत नसेल तर कारणही बरेचदा तिथेच लिहून येतं. खर्च शून्य.

आता ही जाहिरात मुळात चालते कशी ते थोडक्यात, कारण ते कळलं की अर्धी घालमेल कमी होते. कुणी 'हापूस आंबा ऑनलाइन' असा शोध घेतला की त्या क्षणी एक लिलाव होतो. प्रत्येक शोधाला नवा. आपल्याला लिलाव वाशीच्या बाजारामुळे माहीत आहे, पण इथे नुसत्या पैशावर सौदा सुटत नाही. बोलीबरोबर जाहिरात त्या शोधाशी किती जुळते, लोक ती दाबण्याची शक्यता किती आणि दाबल्यावर उघडणारं पान कसं आहे, हेही मोजलं जातं. ज्या शोधशब्दांवर तुम्ही जाहिरात लावता, त्या प्रत्येक शब्दाला याच तीन गोष्टींवरून एक ते दहा असा गुणांक खात्यात दिसतो. लिलावातलं स्थान मात्र त्या आकड्यावरून ठरत नाही, दर शोधाला नव्याने ठरतं. शिवाय एक किमान पातळी असते. तिच्या खाली असाल तर वरची जागा रिकामी असली तरी तुमची जाहिरात लागत नाही. म्हणून बिघाड शोधताना दोन प्रश्न वेगळे ठेवा. माझी जाहिरात लिलावात उतरतेच आहे का? आणि उतरून हरते आहे का? काकांची जाहिरात उतरतच नव्हती आणि ते बोली वाढवत होते.

न उतरण्याचं पहिलं कारण बहुतेक वेळा पैसे असतात. 'पैसे भरले' म्हणजे जमा झाले असं नव्हे. यूपीआयवरून गेलेली रक्कम कधी अडकते, कधी परत येते. कार्डाचं तर वेगळंच आहे. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार कार्डावरून आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेला ई-मॅन्डेट, म्हणजे तुम्ही बँकेला आधी दिलेली परवानगी, लागतं. ओटीपीशिवाय कापता येणाऱ्या रकमेची मर्यादा आधी ५,००० रुपये होती, जून २०२२ मध्ये ती १५,००० झाली. तुमच्या खात्याला जोडलेलं जुनं कार्ड बँकेने गुपचूप नाकारलेलं असू शकतं. तेव्हा आधी बिलिंगच्या पानावर जा आणि शिल्लक डोळ्यांनी बघा. ताज्या फळांवर जीएसटी नाही, म्हणून आपल्यापैकी अनेकांची नोंदणीच नसते, पण जाहिरातीच्या सेवेवर १८ टक्के लागतो हे हिशेबात धरा. हंगामासाठी ठेवलेले पैसे पुरतील असं वाटतं आणि ऐन भरात कमी पडतात ते यामुळेही.

बजेटबद्दल एक गैरसमज दूर करते. रोजचे ५०० रुपये ठरवले म्हणजे रोज बरोबर ५०० जातील असं नाही. ती सरासरी असते. एखाद्या दिवशी दुपटीपर्यंत, म्हणजे हजारापर्यंत खर्च होऊ शकतो आणि महिन्याची मर्यादा त्या रकमेच्या ३०.४ पट असते. रविवारी मागणी जास्त आली आणि जास्त पैसे गेले, की मधल्या एखाद्या मंगळवारी जाहिरात विरळ होते. त्यात बिघाड काहीच नाही.

दुसरं कारण ओळख पडताळणीचं, आणि इथे आपल्या कोकणातल्या घरांची खरी अडचण होते. गूगल आता जाहिरातदाराची ओळख पडताळून बघतं. त्यासाठी दिलेल्या कागदपत्रावरचं नाव आणि खात्याच्या पेमेंट प्रोफाइलमधलं नाव एकच असावं लागतं. आपल्याकडे काय असतं? सातबारावर आजोबांचं नाव, त्यांच्या खाली चार काकांची. बँकेचं खातं वडिलांचं. पॅन कार्ड दिलं मुलाचं, कारण ईमेल त्याला जमतं. आणि प्रोफाइलमध्ये नाव टाकलेलं असतं बागेचं किंवा ब्रँडचं, ज्याची कुठेच नोंदणी नाही. पडताळणी फेटाळली जाते, मुदत सांगणारे ईमेल कुणीच उघडत नाही आणि एक दिवस खातं थांबवलं जातं. माझ्याकडे आलेल्या प्रकरणांत हे फार वेळा दिसलं. यावरचा उपाय घरात बसून करायचा आहे. विक्री कुणाच्या नावावर करायची ते एकदा ठरवा आणि त्याच माणसाचं पॅन, तेच नाव, शक्य तर त्याचंच बँक खातं सगळीकडे लावा. भावकीत हा विषय अवघड असतो हे मला ठाऊक आहे, आमच्याही घरात होता. पण तो माघात काढलेला बरा, एप्रिलमध्ये त्याला वेळ नसतो.

तिसरं, जाहिरातीची मंजुरी. बहुतेक जाहिराती एका कामकाजाच्या दिवसात तपासून होतात, काहींना जास्त वेळ लागतो. शुक्रवारी संध्याकाळी लिहिलेली जाहिरात शनिवारी दिसली नाही म्हणून ती काढून नवी लिहू नका, तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. नामंजूर झालीच तर कारण जाहिरातीच्या ओळीतच वाचा. आपल्याकडची नेहमीची कारणं मी सांगते : मजकुरात फोन नंबर घातलेला असतो, जो चालत नाही, नंबरासाठी वेगळी सोय आहे. शीर्षकात उद्गारचिन्हं असतात. आणि साइटचं पान उघडत नाही. हे शेवटचं फसवं असतं, कारण तुमच्या फोनवर पान छान उघडतं. गूगलचा तपासनीस प्रोग्राम, ॲड्सबॉट, मात्र परदेशातल्या सर्व्हरवरून येतो आणि स्वस्त होस्टिंगवाले, म्हणजे साइटला इंटरनेटवर जागा देणारे, बाहेरच्या देशातून येणाऱ्यांना सरसकट अडवतात. होस्टिंगवाल्याला फोन करून 'ॲड्सबॉट अडवू नका' एवढं वाक्य सांगा, त्याला कळेल. साइट हॅक झाली असेल तर मात्र गोष्ट गंभीर आहे. साइटसाठी फुकट मिळालेल्या चोरीच्या थीममधून (तयार रूपातून) आणि प्लगइनमधून (वरून जोडलेल्या सोयींतून) हे होतं, आणि ती साइट स्वच्छ केल्याशिवाय कितीही अर्ज केले तरी उपयोग नाही.

मंजुरीच्या संदर्भात आणखी एक बोलायचं आहे आणि ते काहींना आवडणार नाही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांसाठी. बाहेरच्या राज्यातला आंबा आणून 'अस्सल देवगड' म्हणून जाहिरात करणारे आपल्यातही आहेत. मधुमेह्यांना चालणारा हापूस, रोग बरा करणारी कोय, असलं लिहिणारेही आहेत. दिशाभूल करणाऱ्या दाव्यांवरून एक जाहिरात नव्हे, सगळं खातं बंद होऊ शकतं. अशा खात्यासाठी मी मदत करत नाही आणि करणार नाही. खऱ्या देवगडच्या माणसाला आपला आंबा खरा आहे हे गिऱ्हाइकाला पटवत बसावं लागतं, ते या लोकांमुळे.

समजा पैसे आहेत, ओळख पटली, जाहिरात मंजूर आहे आणि तरी आकडा शून्यावर. मग सेटिंग्ज. कॅम्पेनला, म्हणजे एका बजेटखाली चालणाऱ्या जाहिरातींच्या संचाला, शेवटची तारीख घातली आहे का? 'प्रेक्षक' या भागात एखादा गट 'टार्गेटिंग' म्हणून लावला आहे का? तो 'ऑब्झर्व्हेशन'वर, म्हणजे नुसत्या निरीक्षणासाठी, असायला हवा, नाहीतर फक्त त्या गटातल्यांनाच जाहिरात दिसते आणि तो गट मूठभर असू शकतो. खातं उघडताना टाइमझोन भारताचा निवडला होता का? एका बागायतदाराचा चुकून अमेरिकेचा होता, आणि सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा अशी लावलेली जाहिरात आपल्या रात्री चालत होती. भाषा निवडायची सोय तुमच्या खात्यात दिसत असेल आणि तिथे फक्त मराठी ठेवलं असेल तर इंग्रजी फोन वापरणारी, 'अल्फान्सो मँगो पुणे' असं शोधणारी मराठी माणसंही तुमच्या हातून निसटू शकतात. मराठी आणि इंग्रजी दोन्ही ठेवा. पण गूगल तुमचा मजकूर भाषांतरित करत नाही, तेव्हा दोन्ही भाषांतल्या जाहिराती तुम्हालाच लिहाव्या लागतील.

शब्दांच्या बाबतीत दोन टोकं बघते. काहीजण इतका लांब, नेमका शब्दसमूह लावतात की तो कुणी शोधतच नाही. त्यासमोर 'लो सर्च व्हॉल्यूम' असा शेरा येतो आणि तो झोपून राहतो. बोली हजार रुपये केलीत तरी तो उठणार नाही, साधा शब्द घ्या. दुसरं टोक नकारात्मक शब्दांचं, म्हणजे जे शब्द शोधणाऱ्यांना जाहिरात दाखवायची नाही त्यांचं. आंबा बर्फीची पाककृती शोधणारे नकोत म्हणून एका ताईंनी नकारात्मक यादीत काय घातलं असेल? 'आंबा'. त्या एका शब्दाने तो शब्द असलेला प्रत्येक शोध अडवला. 'आंबा पेटी', 'हापूस आंबा', 'आंबा घरपोच', सगळे. त्यांना फक्त 'रेसिपी' आणि 'पाककृती' घालायचं होतं. नकारात्मक यादी एकदा शांतपणे, मोठ्याने वाचून काढा. ती बहुधा तीन वर्षांपूर्वी कुणीतरी भरलेली असते.

यातून पार पडलात की मगच बोलीचा प्रश्न येतो. जाहिरात जितक्या वेळा दिसू शकली असती त्यातला किती वाटा हुकला, हे सांगणारे दोन रकाने खात्यात जोडून घ्या : बजेटअभावी गमावलेला वाटा आणि क्रमवारीअभावी गमावलेला वाटा. पहिला मोठा असेल तर पैसे कमी पडताहेत. दुसरा मोठा असेल तर बोली, मजकूर किंवा पान कमी पडतं आहे. बोली आपोआप ठरवणारी पद्धत वापरत असाल आणि 'एका ऑर्डरमागे ८० रुपयेच' असं लक्ष्य घातलं असेल, तर इतक्या स्वस्तात ऑर्डर मिळणार नाही असं यंत्रणेला वाटलं की ती बोलीच लावत नाही. साइट नव्याने रंगवून घेतली की ऑर्डर मोजणारा कोड हमखास गळतो, हेही लक्षात असू द्या. मग यंत्रणेला वाटतं ऑर्डरी थांबल्या, आणि ती हात आखडता घेते. तुमच्याकडे व्हॉट्सॲपवर ऑर्डरी येत असतात, तिच्याकडे शून्य. अशा वेळी आधी मोजणी दुरुस्त करायची.

ज्यांचं खातं निलंबित झालं आहे त्यांच्यासाठी वेगळं सांगते. नवीन ईमेल, नवीन नंबर, मेव्हण्याचं कार्ड असं करून दुसरं खातं उघडू नका. यंत्रणा ते ओळखते, नियम चुकवण्याचा प्रयत्न म्हणून तेही बंद करते आणि मूळ खात्याचं अपील आणखी कठीण होतं. काकांनी मुलाच्या फोनवरून दुसरं खातं उघडलंच होतं; मूळ खातं निलंबित असतं तर एका प्रमाणपत्राचा प्रश्न दोन वर्षांचा झाला असता. नशिबाने काकांचं मूळ खातं निलंबित नव्हतं. निलंबनाचं कारण वाचा, ते दूर करा, कागद जोडा आणि एकदाच, मुद्द्याचं अपील लिहा.

आता जाहिराती सांभाळणाऱ्या मुलांशी दोन शब्द, कारण हे पत्र तुमच्याही हाती पडेल. तुमच्यातले बरेचजण मेहनती आहेत, पण बागायतदाराचं खातं स्वतःच्या ईमेलवर उघडू नका. त्याच्या ईमेलवर उघडा, ॲडमिनचा हक्क त्याला द्या आणि तुम्ही मॅनेजर खात्यातून, म्हणजे दुसऱ्यांची खाती सांभाळण्यासाठीच्या वेगळ्या खात्यातून, काम करा. सोय तशीच केलेली आहे. पैसे थकले म्हणून पासवर्ड अडवून धरणं म्हणजे फळ झाडावर असताना बागेचं फाटक बंद करण्यासारखं आहे. हिशेबाचं भांडण हिशेबाने मिटवा. आणि बागायतदारांनो, गूगलमधून बोलतो सांगून पासवर्ड किंवा ओटीपी मागणाऱ्या कुणालाही तो देऊ नका, मग तो कितीही गोड मराठी बोलो.

आपल्या आंबा संस्थांकडे मागणी आहे. फवारणीची, मोहोर संरक्षणाची शिबिरं होतात, ती हवीतच. त्यातलीच एक दुपार या कामाला द्या. प्रत्येकाने आपला फोन घेऊन यावं, आपल्या खात्यात स्वतः शिरावं आणि चार गोष्टी जागेवर बघाव्यात : ॲडमिन कोण, शिल्लक किती, पडताळणी झाली का, शेवटचा बदल कुणी आणि कधी केला. शेवटचं 'चेंज हिस्टरी'त तारखेसह दिसतं. ज्यांना खात्यात शिरताच येत नाही, त्यांना निदान ते फेब्रुवारीत कळेल. शिकवायला मी येईन, मानधन नको.

परवा बाबांचं खातं उघडून पाहिलं. शिल्लक होती, पडताळणी झालेली होती, जाहिराती मंजूर होत्या. कॅम्पेनला शेवटची तारीख गेल्या वर्षीचीच होती, ३१ मे. ती काढली. यंदा मोहोर उशिरा आहे, पहिली पेटी बहुधा पाडव्यानंतर निघेल.

तुमची,
देवगड तालुक्यातल्या एका बागायतदाराची मुलगी